धनुर्मासातले गुडघे

धनुर्मासाच्या दुसऱ्याच दिवशी कृष्णाबाई रांगोळी काढायला बसल्या आणि बसल्याच राहिल्या.

पहाटेचे साडेपाच. जे. पी. नगरातल्या त्या लहानशा मठात वृंदावनासमोरची दगडी फरशी नुकतीच धुतलेली, हात लावला तर बोटं बधिर व्हावीत इतकी गार. रांगोळी पुरी झाली होती. एकवीस ठिपक्यांची, एक रेघ इकडची तिकडे नाही. आता फक्त उठायचं होतं. कृष्णाबाईंनी उजव्या हाताने जमिनीला रेटा दिला, डाव्या हाताने साडी सावरली, आणि गुडघ्यांनी साफ नकार दिला. पुन्हा रेटा, पुन्हा नकार. आतून हुग्गीचा, म्हणजे मिरं घातलेल्या मूगडाळीच्या खिचडीचा वास येत होता. मठाचे पुजारी हयवदनाचार हातात घंटा घेऊन उंबऱ्यात खोळंबलेले. मागे दहाबारा बायका. आणि सगळ्यांच्या मधोमध, बहात्तर वर्षांच्या, गणिताच्या निवृत्त शिक्षिका उकिडव्या.

"भीमक्का, स्वल्प हात द्या हो त्यांना," आचार म्हणाले.

भीमक्का म्हणजे कृष्णाबाईंची थोरली जाऊ. वय शहात्तर. ती तुरुतुरु पुढे आली, कृष्णाबाईंच्या काखेत हात घातला आणि पाण्याची कळशी उचलावी तसं त्यांना उचलून उभं केलं.

"माझी मी उठले असते, अक्का."

"उठली असतीस की. दुपारपर्यंत."

बायका हसल्या. एवढ्यावर भागलं असतं तरी कृष्णाबाईंनी गिळून टाकलं असतं. पण आचारांनी घंटा खाली ठेवली आणि म्हणाले, "कृष्णाबाई, उद्यापासून रांगोळी भीमक्का काढतील. तुम्ही आत बसून तुळस निवडा."

"सव्वीस वर्षं मी काढतेय."

"म्हणूनच म्हणतो, आता विश्रांती."

"आणि वैकुंठ एकादशीचं मोठं कमळ? ते अक्कांना जमणार आहे?"

हयवदनाचार भला माणूस. त्यांना रांगोळीपेक्षा एवढीच काळजी, की आपल्या मठात कुणाचं खुब्याचं हाड मोडू नये. "सरी, ठीक आहे," ते म्हणाले, "एकादशीला दोन आठवडे आहेत. त्या दिवशी कुणाचाही हात न धरता बसून उठता आलं तर कमळ तुमचं. नाहीतर त्यांचं."

कृष्णाबाई घरी आल्या त्या रागाने थरथरत. थंडीनेही थरथरत होत्या, पण ते त्यांनी मान्य केलं नसतं.

आता या दोन जावांचं थोडं सांगितलं पाहिजे. घराणं बेंगळुरातलं फार जुनं. पूर्वज साडेतीनशे वर्षांपूर्वी कुठून तरी घोड्यावरून आले म्हणतात. घोडे गेले, जमिनी गेल्या, राहिली ती कानडी शिंपडलेली मराठी आणि मडी. मडी म्हणजे सोवळं. कृष्णाबाई या घरात आल्या तेव्हा बी.एस्सी. झालेली पहिली सून म्हणून आल्या. भीमक्का मॅट्रिकला दोनदा बसून तिसऱ्यांदा लग्नाला उभी राहिलेली. कृष्णाबाईंनी चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. कंपासाशिवाय फळ्यावर वर्तुळ काढायच्या, आणि मागच्या बाकावरची मुलं वहीतलं वर्तुळ त्या वर्तुळाशी ताडून बघायची. भीमक्काने त्या चौतीस वर्षांत काय केलं? भाकऱ्या, लोणची, आल्यागेल्याचं पान. तिची रांगोळी म्हणजे डावीकडे सात पाकळ्या तर उजवीकडे नऊ. कृष्णाबाई तिच्यावर माया करत होत्या. करायला काही अडचणच नव्हती. सगळ्याच बाबतींत ती मागे होती.

साठी उलटली आणि पारडं फिरलं. कृष्णाबाईंचा मुलगा प्रणीत हेब्बाळला नोकरीला, तिथेच फ्लॅट घेतलेला. महिन्यातून एका रविवारी यायचा, त्यात अडीच तास रस्त्यात जायचे. भीमक्काचा मुलगा घरातच, आणि सून सौम्या फिजिओथेरपिस्ट. हाडंसांधे वळवून देणारी, शिकलेली, घरातल्या घरात, फुकट! कृष्णाबाईंना हे फार लागलं होतं. त्यांच्या सुनेला संगणक दुरुस्त करता येत असे. संगणकाचे गुडघे दुखत नाहीत.

आणि भीमक्का चालायची. हीच तर मुख्य तक्रार. शहात्तर वर्षांची बाई बाजारातून दोन पिशव्या घेऊन जिना चढते, जमिनीवर मांडी घालून जेवते, उठताना "अगं आई" सुद्धा म्हणत नाही. माणसाने काही तरी म्हणावं! निदान दुसऱ्याला बरं वाटावं म्हणून.

दुसऱ्या दिवसापासून कृष्णाबाईंनी गुडघे एकादशीसाठी राखून ठेवायचं ठरवलं. राखून, म्हणजे वापरायचेच नाहीत. पहाटे मात्र नेम सुटला नाही. गार पाण्याची आंघोळ. मग मडीची साडी. ती आदल्या दिवशी धुऊन, कुणी शिवू नये म्हणून उंच दांडीवर वाळत घातलेली असते. बेंगळुरातल्या डिसेंबरात, ढग आणि धुकं असताना, मागच्या अंधाऱ्या खोलीत अशी साडी वाळते? ती ओलीच राहते. कृष्णाबाई ती ओलसर साडी नेसून अनवाणी मठात जात, गार फरशीवर बसून तुळस निवडत आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून भीमक्काची रांगोळी बघत. घरी आल्या की दिवसभर खुर्चीत. पायांवर शाल. पाणी हवं तर "अहो", पेपर हवा तर "अहो".

त्यांचे यजमान वादिराज, वय अठ्ठ्याहत्तर, कानटोपी आणि मफलरमध्ये गुंडाळलेले, पाचव्या दिवशी म्हणाले, "अगं, तू गुडघे राखत्येस की पुरत्येस?"

"तुम्हाला काय कळतंय?"

"मला एवढंच कळतंय की काल तू बाथरूमपर्यंत भिंत धरून गेलीस. परवा धरली नव्हतीस."

खरं होतं. सकाळी पलंगावरून पाय खाली सोडले की गुडघ्यात कुणी चुना भरून ठेवल्यासारखं वाटे. अर्धा तास गेला तरी सैल होत नसत. आणि मठात काय, तर भीमक्काची रांगोळी सुधारत चालली होती! आठव्या दिवशी दोन्ही बाजूंच्या पाकळ्या सारख्या आल्या. कृष्णाबाईंनी तीनदा मोजल्या. सारख्याच. त्या दिवशी त्यांना तुळशीची पानं कुठली आणि देठ कुठले ते दिसेना.

ही बाई काही तरी लावते. सौम्याने तिला कसलं तरी तेल आणून दिलंय आणि ती सांगत नाही. कृष्णाबाईंची खात्री पटली. नवव्या दिवशी सकाळी नऊला त्या पिशवीत दोन किलो अवरेकाळूच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा घेऊन, मधल्या गल्लीत तीनदा थांबत, न सांगता जावेच्या दारात उभ्या राहिल्या. शेंगांचा हंगाम होता, निमित्त कुणाला खोटं वाटलं नसतं.

दार उघडंच होतं. खिडकीतून ऊन आत आलेलं, त्या उन्हात खुर्ची टाकून भीमक्का बसलेली. बसली, उठली, बसली, उठली. हात छातीवर आडवे. ओट्यापाशी उभी राहून सौम्या डबा भरत मोजत होती, "सात... आठ... सावकाश बसा अत्ते, आपटू नका... नऊ..."

"हे काय चाललंय?" कृष्णाबाई म्हणाल्या.

"दहा," भीमक्का म्हणाली आणि बसली. "ये गं कृष्णे. शेंगा? माझ्या घरी शेंगा आहेतच. तू तेल बघायला आलीस."

"कसलं तेल?"

"तेच तर. कसलंच नाही. परवा तू मठात माझ्या पायांचा वास घेत होतीस, मी बघितलं."

सौम्याने तोंड फिरवलं, तिचे खांदे हलत होते. भीमक्काने साडी जरा वर घेतली आणि गुडघ्यांवरचं काही तरी सोडायला लागली. जाड, तांबूस, लोकरीच्या लांब पट्ट्या. पायाला गोल गुंडाळलेल्या, शिवण नाही, नाडी नाही. कृष्णाबाईंनी ती किनार ओळखली.

"अक्का! ही सासूबाईंची धाबळी!"

"होती."

"तुम्ही ती फाडलीत?"

"मग काय तिला नैवेद्य दाखवू? कसर लागली होती."

धाबळी म्हणजे सोवळ्यात नेसायचं लोकरीचं लुगडं. सासूबाई गेल्या तेव्हा वस्तू वाटून घेताना कृष्णाबाईंनी चांदीचं तबक आधी उचललं होतं आणि धाबळी जावेकडे सरकवली होती. मोठ्या मनाने. आता त्या तांबड्या पट्ट्यांपुढे घरातलं ते तबक त्यांना फिकं वाटलं.

"मठात हेच बांधून येता? मडीत?"

"अगं, लोकर मडीला चालते. धुवावी लागत नाही, वाळवावी लागत नाही. हे मी तुला सांगायचं? तू तर पुस्तकं वाचतेस." भीमक्का पट्टीची गुंडाळी करत राहिली. "आणि नेसायला रेशमी. कोरडं. देवाला ओल्या बाईची काय हौस आहे?"

लोकर आणि रेशीम मडीला चालतं हे कृष्णाबाईंना लहानपणापासून माहीत होतं. शाळेत तास घेऊन शिकवलं असतं इतकं माहीत होतं. आणि सव्वीस वर्षं त्या ओलं सुती नेसून थंडीत कुडकुडत होत्या, का तर जितका त्रास तितकी मडी कडक, असं कुठे तरी मनात बसलेलं. हे अक्काला सुचलं. मॅट्रिकला दोनदा बसलेल्या अक्काला.

"बसा काकू," सौम्या म्हणाली. "बघू गुडघा." तिने हात लावून पाहिलं, वाकवला, सरळ केला. "सूज नाही, गरम नाही. सुजला किंवा गरम लागला तर मात्र डॉक्टर गाठायचा, माझी वाट बघायची नाही. दिवसभर काय करता?"

"राखते."

"काय?"

"गुडघे. एकादशीसाठी."

"काकू, नऊ दिवस बसवून ठेवलेल्या मुलाला दहाव्या दिवशी शर्यतीत पळवाल का?" सौम्याची मराठी कानडी वळणाची, पण बोलणं थेट. "थंडीने सांधा आखडतो, आणि न हलवल्याने त्याहून आखडतो. उद्यापासून जाग आली की पांघरुणातच घोटे फिरवा, गुडघे वीसदा दुमडा, सरळ करा. मग पाय खाली. आंघोळ गरम पाण्याने. नंतर अंग कोरडं, गुडघे झाकलेले. फिरायला पहाटे नाही, नऊला, उन्हात. पार्कात तीन फेऱ्या. आणि खुर्चीतून उठबस, दहा. पहिले काही दिवस हात टेकून चालेल."

"अक्का किती फेऱ्या मारतात?"

"त्या चार मारतात. पण तुम्ही तीन."

"का?"

"कारण त्या सहा वर्षं मारतायत आणि तुम्ही नऊ दिवस खुर्चीत आहात."

"ही घे," भीमक्काने पट्टीची एक गुंडाळी पुढे केली. "धाबळी मोठी होती. दुसरा जोड आहे माझ्याकडे."

"नको. माझ्याकडे आहे," कृष्णाबाई म्हणाल्या. नव्हतं. शेंगांची पिशवी तिथेच टाकून त्या उठल्या, हात टेकून, आणि सौम्याने ते बघितलं याचाही राग घेऊन घरी आल्या.

संध्याकाळी वादिराज मफलर शोधत होते. काश्मिरी, शुद्ध लोकरीचा, प्रणीतने आणलेला. तो त्यांना दोन तुकड्यांत सापडला.

"अगं, हा माझा मफलर!"

"तुमच्या गळ्याला एकादशीची रांगोळी काढायची नाहीये."

"मला सर्दी होईल."

"कानटोपी आहे. घरात बसा."

"म्हणजे आता मी राखायचं?" वादिराज म्हणाले, पण तोवर कृष्णाबाई उजव्या गुडघ्याला पट्टी गुंडाळून आरशासमोर उभ्या होत्या.

पुढचे दिवस त्यांनी सौम्याने सांगितलं ते सगळं केलं. भक्तीने नाही, शहाणपणाने तर मुळीच नाही. प्रत्येक उठबशीला डोळ्यांसमोर भीमक्का होती, छातीवर हात आडवे घेऊन, उन्हात. दहा सांगितल्या होत्या. कृष्णाबाईंनी दुसऱ्याच दिवशी पंचवीस काढल्या आणि तिसऱ्या दिवशी जिन्याच्या दोन पायऱ्या चढून तिथेच बसून राहिल्या. सौम्याला फोन करावा लागला. तो फोन करणं हे पंचवीस उठबशांपेक्षा जड गेलं.

"दुसऱ्या दिवशीपर्यंत दुखत राहिलं म्हणजे जास्त झालं," सौम्या म्हणाली. "आज पाच. शेक घ्या, पण झोपून राहू नका. कुणाशी स्पर्धा चाललीय?"

"कुणाशी नाही."

"अत्ते विचारतायत, जिना लागला का म्हणून."

कृष्णाबाईंनी फोन ठेवला. पण त्या दिवशी पाचच केल्या. त्या हट्टी होत्या, अडाणी नव्हत्या.

गरम पाणी, कोरडं रेशीम, मफलरच्या पट्ट्या. चार दिवसांनी सकाळचा चुना अर्ध्या तासाऐवजी दहा मिनिटांत उतरायला लागला. जमिनीवरून उठायची एक रीत सौम्याने दाखवली: आधी पुढे दोन्ही हात टेकायचे, मग एका बाजूचा गुडघा, मग दुसरा पाय पुढे घेऊन शेजारच्या पाटावर हात दाबायचा आणि वर. काम होतं. पण दिसायचं भयंकर. गाय उठते तसं, मागचं आधी.

"याहून बरं दिसेल असं काही नाही का?" कृष्णाबाईंनी विचारलं.

"अत्ते असंच उठत होत्या पहिली दोन वर्षं," सौम्या म्हणाली. त्या दिवसात कृष्णाबाईंना मिळालेला हा एकमेव आनंद.

एकादशीच्या पहाटे मठात दीडशे माणसं. रांग रस्त्यापर्यंत. कृष्णाबाई रेशमी साडीत, हातात रांगोळीचा डबा आणि बसायला बुटका पाट. भीमक्काही आली होती, तिच्याही हातात डबा. म्हणजे तयारीनेच आली होती!

कृष्णाबाई पाटावर बसल्या. मोठं कमळ म्हणजे पाऊण तास. दर दहा मिनिटांनी त्या पाट सरकवत, पाय एकदा लांब करत, पुन्हा आत घेत. बत्तीस पाकळ्या. हात तोच होता, फळ्यावर वर्तुळ काढणारा. शेवटची पाकळी मिटली तेव्हा रांगेतल्या लोकांनी वाकून बघितलं, कुणी तरी "अब्बा!" म्हणालं.

आणि मग सगळे उठण्याची वाट बघायला लागले. निदान कृष्णाबाईंना तसं वाटलं. हयवदनाचार तर बघतच होते.

चांगलं दिसेल असं सरळ उठून बघावं का? एक क्षण मनात आलं. सरळ उठायला गेलं आणि गुडघा अडला तर अक्काचा हात काखेत येणार. कृष्णाबाईंनी दीडशे माणसांसमोर दोन्ही हात फरशीवर टेकले. गुडघा. दुसरा पाय. पाटावर हात. मागचं आधी, पुढचं नंतर. मागे कॉलेजातल्या दोन मुली खुसखुसल्या. कृष्णाबाई उठल्या. कुणाचाही हात न धरता.

"छान," आचार म्हणाले. "आता असं करू. आज तुमची झाली. उद्या भीमक्का, परवा तुम्ही. एक दिवसाआड. दोघींचेही गुडघे टिकतील."

कृष्णाबाईंच्या डोक्यात लगेच हिशेब सुरू झाला. धनुर्मासाचा शेवटचा दिवस आजपासून पंधरावा. आज शून्य धरलं तर सम दिवस आपले, विषम अक्काचे. पंधरा विषम. म्हणजे शेवटची मोठी रांगोळी अक्काची!

"आचार, एकादशी यात धरू नये," त्या म्हणाल्या. "उपवासाचा दिवस. उद्या द्वादशीपासून मोजायचं, माझ्यापासून."

"म्हणजे शेवटचा दिवस तुझा," भीमक्का मागून म्हणाली. "मलाही बोटं आहेत, कृष्णे."

आचारांना काहीच कळलं नाही. ते दोघींकडे आळीपाळीने बघत राहिले.

"घे," भीमक्का म्हणाली. "शेवटचा दिवस तुला. पण आज पाऊण तास बसलीस, आणि उद्या लगेच परत बसणार. सौम्याला विचार, दोन दिवस लागोपाठ चालेल का. माझं चालतं."

कृष्णाबाईंना सौम्याला विचारायची गरज नव्हती. उजवा गुडघा केव्हाचा उत्तर देत होता. उद्या बसलं तर परवा जिन्यावर, आणि मग कसली शेवटची रांगोळी? "उद्या तुम्हीच काढा, अक्का," त्या म्हणाल्या. दात आवळून म्हणाल्या. "आचार म्हणतात तसंच होऊ दे. शेवटचा दिवस तुमचा."

"बघ हं. मागून मागशील."

"नाही मागणार."

द्वादशीला अक्काची रांगोळी झाली. बरी झाली. पारणं फेडून कृष्णाबाई नऊ वाजता पार्कात गेल्या. ऊन चांगलं पडलं होतं. तीन फेऱ्या मारल्या, पट्ट्या जरा सैल केल्या आणि बाकावर बसल्या. समोरून भीमक्का चौथ्या फेरीला निघाली. जाताना हात सुद्धा केला. कृष्णाबाईंना उठावंसं वाटलं, फार वाटलं. त्या उठल्या नाहीत. बाकावर उन्हात पाय लांब करून, घोटे सावकाश गोल फिरवत, त्या जावेची ती चौथी फेरी पुरी होईपर्यंत बघत राहिल्या, जळत.